कुकरच्या शिट्ट्या काढून शिजवलेलं चिकन, तरी पोराला कॅम्पायलोबॅक्टर? आला कुठून?

भांडुपची_आई

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय विचारता येणार नाही. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. रविवारी नेहमीसारखं घरी चिकन झालं, मंगळवारी रात्री अचानक ताप भरला, पोटात मुरडा आणि जुलाब सुरू, बुधवारी शीमध्ये रक्त दिसलं तसं आम्ही घाबरून ॲडमिट केलं. सलाईन वगैरे झालं, स्टूलची ती महागडी पीसीआरवाली टेस्ट झाली, त्यात आला कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू. डॉक्टर राउंडला आले, एवढंच म्हणाले की बहुतेक चिकनमधून आला असणार, आणि पुढच्या बेडकडे गेले. आता घरी आलाय, खातोय पितोय, देवाची कृपा.

पण माझं डोकं काही शांत होत नाहीये. चिकन कुकरला तीन शिट्ट्या आणि मग वाटणात परत वीस मिनिटं रटरटलं होतं. नाक्यावरच्या दुकानातून डोळ्यांदेखत जिवंत कोंबडी कापून घेतलेली, स्किन काढून, फ्रीजमधलं पॅकेट नव्हे. घरी आणल्यावर हळद-मीठ चोळून नळाखाली तीन-चार पाण्यांनी धुतलं. सगळ्यांनी तेच खाल्लं, आम्ही दोघं आणि सासूबाई ठणठणीत, फक्त पोरगा आजारी. सासूबाईंचं म्हणणं शाळेबाहेरची पाणीपुरी. मग नक्की काय? आणि चिकन बंद करायचं का? शिवाय कोणीतरी व्हॉट्सॲपवर टाकलं की ह्याच जंतूने पुण्यात जीबीएसची (नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात तो आजार) साथ आली होती, ते वाचल्यापासून रोज सकाळी त्याला चालायला लावून पाय बघते.

गिरगावकर

पाणीपुरीच. वहिनी, सासूबाईंचं ऐका. कुकरमध्ये तीन शिट्ट्यांनंतर कुठला जंतू जिवंत राहतो? आमच्या घरात आजीपासून दर बुधवार-रविवार कोंबडी-मटण आहे, कोणाला काही झालं नाही. हल्ली टेस्ट निघाल्यात म्हणून नावं निघतात, पूर्वी नुसतं पोट बिघडलं म्हणायचे आणि ताक-भात खाऊन बरे व्हायचे.

लॅबमधला_मी

मी डॉक्टर नाही, मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करतो, तेवढ्याच हद्दीत बोलतो.

गिरगावकर शिट्ट्यांबद्दल बरोबर बोलतायत पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकलाय. कॅम्पायलोबॅक्टर तसा नाजूक जंतू आहे, मांस आतपर्यंत ७४ डिग्रीला गेलं की संपला, कुकरात तर त्याहून कितीतरी वर जातं. कोरडं पडलं तरी मरतो. बाहेर ठेवलेल्या अन्नात साल्मोनेला जसा वाढत जातो तसा हा वाढतही नाही, कारण ह्याला ऑक्सिजन कमी लागतो आणि ऊब भरपूर. लॅबमध्ये आम्हाला तो वाढवायचा म्हणजे वेगळी कटकट, बंद जारमध्ये ऑक्सिजन कमी करून ४२ डिग्रीला ठेवायचं. आणि हे ४२ म्हणजे जवळपास कोंबडीच्या अंगातलं तापमान. कोंबडीच्या आतड्यात तो मजेत राहतो, कोंबडीला काहीही होत नाही. त्यामुळे डोळ्यांदेखत कापलेली कोंबडी ताजी असते हे खरं, पण ताजी म्हणजे जंतू नसलेली असं नाही. उलट फ्रोझनमध्ये हा जंतू थोडा कमी होतो (पूर्ण जात नाही, त्यामुळे तिथेही गाफील राहू नका).

तर भाजीत तो नव्हताच. तो होता शिजवायच्या आधी, सिंकमध्ये. ह्याचे चार-पाचशे जंतू पोटात गेले तरी आजार होऊ शकतो आणि कच्च्या चिकनच्या पाण्याच्या एका थेंबात तेवढे मावतात. नळाची धार चिकनवर पडली की बारीक शिंतोडे उडतात, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. ते ओट्यावर, नळाच्या मुठीवर, शेजारी जे काही उघडं पडलंय त्याच्यावर जातात.

आता मला सांगा, चिकन धुताना सिंकशेजारी काय होतं? कोशिंबीर कुठे चिरली, आधी की नंतर? मुलगा मध्ये येऊन काही उचलून खाऊन गेला का? आणि तबेल्याचं न उकळलेलं दूध, घरात कुत्र्याचं पिल्लू, टाकीचं न गाळलेलं पाणी, ह्यातलं काही? कारण हा जंतू तिथूनही येतो. पीसीआर फक्त जंतूचा डीएनए दाखवते, तो कुठल्या दारातून आला ते नाही सांगत. आपल्याकडे काही धडधाकट मुलांच्या स्टूलमध्येही तो सापडतो. पण ताप, मुरडा, रक्त आणि खाल्ल्यावर दोनेक दिवसांनी सुरुवात, हे सगळं मात्र ह्याच्याशीच जुळतं. साधारण दोन ते पाच दिवसांत लक्षणं येतात, म्हणून पाणीपुरी खाल्ली त्याच रात्री झालं असतं तर मी दुसऱ्या कोणाचं नाव घेतलं असतं.

भांडुपची_आई

दूध पिशवीचं आणि उकळून. कुत्रं-मांजर नाही. पाणी प्युरिफायरचं.

सिंकशेजारी जाळीच्या टोपलीत धुतलेली कोथिंबीर, काकडी आणि गाजरं निथळत असतात, आमच्याकडे ओटा म्हणजे केवढासा, वन बीएचके आहे. आणि हो, हा पोरगा काकडी चिरायच्या आधीच अख्खी उचलून मीठ लावून खातो, सवयच आहे. सासूबाई कच्चं खात नाहीत, दातांमुळे. आम्ही दोघांनी कोशिंबीर खाल्ली होती पण आम्हाला काही झालं नाही.

लॅबमधला_मी

मग मी माझे पैसे काकडीवर लावीन. सिद्ध करता येणार नाही, काकडी केव्हाच संपली. तुम्हा दोघांना काही झालं नाही ह्यात विशेष काही नाही, शिंतोडे काही सगळीकडे सारखे पडत नाहीत, आणि मोठ्यांच्या अंगात आधीच्या भेटींमुळे थोडीफार प्रतिकारशक्ती असते.

गिरगावकर

म्हणजे आता चिकन न धुता टोपात टाकायचं? रक्त, पिसं, ती आतली घाण, सगळ्यासकट? हे असलं कोणी सांगितलं, आणि माझ्या बायकोसमोर बोलून दाखवा.

लॅबमधला_मी

😄 वहिनींसमोर नाही बोलणार.

ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने २०१४ मध्ये मोठी मोहीमच काढली होती, कच्चं चिकन धुऊ नका म्हणून, ती ह्याच जंतूसाठी. पण तिकडचं चिकन कारखान्यात साफ होऊन, थंड करून, पॅक होऊन येतं. आपल्या नाक्यावरच्या दुकानात एकच ओंडका, एकच सुरा, कोंबडी कापून ड्रममध्ये टाकली, फडफड थांबली की काढून स्किन ओढली, पोट फाडलं, आणि तेच हात परत तागडीला आणि तुमच्या पाचशेच्या नोटेला. त्यात पिसांचे तुकडे आणि रक्ताच्या गाठी येणारच, त्या न काढता आपल्यातलं कोणी शिजवणार नाही आणि शिजवा असं मी सांगणारही नाही. स्किन काढून घेता ते चांगलंच, पिसांच्या मुळांशी जंतू जास्त असतात, पण पोट फाडताना आतडं फुटलं की मांसावर परत येतातच.

म्हणून मधला मार्ग असा. आधी कोशिंबीर, फळं, कोथिंबीर, जे कच्चं खायचंय ते सगळं आटपून, झाकून, ओट्यावरून हलवायचं, पाहिजे तर फ्रीजमध्ये. मग खोल पातेल्यात पाणी आधी घ्यायचं, चिकन हळूच त्यात सोडायचं, पाण्याच्या आतच हाताने चोळायचं, पाणी सिंकच्या तळाशी सावकाश ओतायचं. चालू नळ चिकनवर नाही. झालं की सिंक, नळाची मूठ आणि ओटा साबणाने घासून गरम पाण्याने, आणि हात कोपरापर्यंत साबणाने. विळी किंवा सुरी-बोर्ड चिकनला वापरला असेल तर घासल्याशिवाय त्यावर कांदासुद्धा नको. हळद-मिठाने जंतू मरतात हा समज सोडून द्या, वास जातो, मॅरिनेशन होतं, एवढंच. लिंबू-व्हिनेगरचंही तेच.

एक गोष्ट कोणी विचारत नाही म्हणून सांगतो. कलेजी. हा जंतू नुसता वरून चिकटलेला नसतो, कलेजीच्या आतही असू शकतो. वरून परतलेली आणि आतून गुलाबी कलेजी मऊ लागते म्हणून लोक मुद्दाम तशी ठेवतात, पोरांना पहिला घास तिचाच देतात. मध्ये कापून बघा, गुलाबीपणा गेला पाहिजे.

पोल्ट्री_कर्जत

इथे सगळे दुकानदाराला धरतायत म्हणून आमची बाजू. मी कंपनीच्या करारावर ब्रॉयलर करतो, पिल्लू, फीड, औषध कंपनीचं, शेड आणि मेहनत माझी.

पिल्लू येतं तेव्हा त्याच्यात हा जंतू नसतो. साधारण दोन-तीन आठवड्यांनी शिरतो, आणि एकदा एका पक्ष्यात शिरला की काही दिवसांत अख्खी शेड, कारण सगळे एकाच तुसावर, एकाच ड्रिंकरला. माणसाच्या बुटावरून येतो, उंदीर, माश्या, पाणी, कशावरूनही. पक्षी आजारी पडत नाही, मर वाढत नाही, वजन कमी येत नाही, मग शेतकऱ्याला कळणार कसं? साल्मोनेलाची लस असते, ह्याची बाजारात लसच नाही. ट्रेनिंगला गेलो होतो तिथे सांगत होते की डेन्मार्कमध्ये शेडच्या खिडक्यांना माश्यांची बारीक जाळी लावून हा बराच कमी केला. आमच्या इथल्या उकाड्यात तसली जाळी लावली तर हवा कोंडून पक्षी मरतील, उघड्या शेडीत ते जमत नाही. मी करतो काय तर शेडीच्या दारात चुना, आतले बूट वेगळे, आणि टाकीत क्लोरीन.

पस्तीस-चाळीस दिवसांनी लिफ्टिंग. रात्री पक्षी धरायचे, क्रेटमध्ये कोंबायचे, टेम्पो पहाटे मुंबईत. वरच्या क्रेटमधल्याची विष्ठा खालच्याच्या अंगावर. शेडीत राहून जेवढा खराब झाला नसेल तेवढा त्या चार तासांत होतो, हे मी मान्य करतो. ते क्रेट रोज नीट धुतले जातात का हा प्रश्न ट्रेडरला विचारा, मला नका विचारू.

आणि अँटिबायोटिकवरून कोणी शिव्या द्यायच्या आधी, कोलिस्टिन जनावरांना द्यायला २०१९ पासून आपल्या देशात बंदी आहे. बाकीची बरीचशी औषधं बंद नाहीत पण कापायच्या आधी ठरावीक दिवस थांबवायची असतात. सगळे थांबवतात असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

परळची_डॉक्टर

पोल्ट्रीवाल्या दादांनी औषधाचा विषय काढलाच आहे तर तिथूनच सुरू करते. अमेरिकेत २००५ मध्ये कोंबड्यांना एनरोफ्लॉक्सासिन देणं बंद केलं ते ह्याच जंतूमुळे. ते औषध आणि आपलं सिप्रो एकाच घराण्यातलं, कोंबडीत त्याला सरावलेला जंतू माणसात आला की सिप्रो चालत नाही. आपल्याकडे आजही जुलाब म्हटलं की घरातलं उरलेलं सिप्रो किंवा नॉरफ्लॉक्स-टिनीडाझोलची गोळी घेतात, केमिस्टही देतो. कॅम्पायलोबॅक्टरला बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागतच नाही, आठवड्याभरात बरा होतो, पाणी आणि ओआरएस महत्त्वाचं. जास्त ताप, रक्त, लहान मूल, गरोदर बाई, अशा वेळी डॉक्टर अझिथ्रोमायसिन देतात. आणि शीमध्ये रक्त असताना जुलाब बांधणारी लोपेरामाइडची गोळी घरच्या घरी देऊ नका.

आता ताई, तुमची खरी भीती. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड, नांदेड, किरकटवाडी ह्या भागात जीबीएसचे रुग्ण वाढले, एकूण आकडा २०० च्या वर गेला, आणि काही रुग्णांच्या स्टूलमध्ये हाच कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय सापडला. तिथे मुख्य संशय पाण्यावर होता. होतं असं की ह्या जंतूच्या बाहेरच्या आवरणातली साखर आपल्या नसांवरच्या साखरेसारखी दिसते, शरीर जंतूविरुद्ध अँटीबॉडी बनवतं आणि त्या चुकून नसांवर जातात. पण हे साधारण हजारात एखाद्याला होतं. बाकीचे नऊशे नव्याण्णव नुसते अशक्त होऊन बरे होतात. जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांत पायांना मुंग्या, जिना चढताना पाय न उचलणं, चमचा हातातून निसटणं, चेहरा वाकडा, गिळायला त्रास, असं काही दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात, सकाळची वाट बघायची नाही. लवकर गेलं तर आयव्हीआयजी (शिरेतून देतात ते अँटीबॉडीचं औषध) किंवा प्लाझ्माची ट्रीटमेंट चांगली लागू पडते. रोज सकाळी परेड घेऊ नका, पोरगं घाबरेल. तो धावत जिना चढतोय ना, बास.

जुलाब थांबून दोन दिवस झाले की शाळेत पाठवा. जंतू अजून काही आठवडे शीमधून जात राहू शकतो, तेव्हा संडासनंतर साबण, आणि तो साबण लावतोय की नुसता नळ सोडून बंद करतोय ते तुम्ही उभं राहून बघा.

जिम_ठाणे

मध्येच घुसतोय सॉरी. मी रोज सकाळी दुधात कच्ची अंडी फोडून पितो, ट्रेनर म्हणतो गावरान असली तर काही होत नाही. हे अंड्यातपण असतं का?

लॅबमधला_मी

अंड्यात मुख्य पाहुणा साल्मोनेला. आणि गंमत म्हणजे तो फक्त कवचावर लागलेल्या शिटेतून येतो असं नाही, साल्मोनेला एन्टरायटिडिस कोंबडीच्या अंडाशयातूनच, कवच तयार व्हायच्या आधी आत बसतो. बाहेरून अंडं चकचकीत. ब्रिटनमध्ये १९८८ ला एडविना करी नावाच्या मंत्रीणबाई बोलून गेल्या की देशातल्या बहुतेक अंड्यांच्या उत्पादनात साल्मोनेला आहे, अंड्यांचा खप धाडकन पडला, बाईंना राजीनामा द्यावा लागला. पुढे १९९८ पासून तिकडे कोंबड्यांना लस सुरू झाली तेव्हा कुठे प्रकरण आटोक्यात आलं. गावरान कोंबडी उकिरड्यावर चरते, तिला लस कोण देतंय? ट्रेनरला सांगा अंडं उकडून खाल्लं तर प्रोटीन कमी होत नाही, उलट शिजवलेल्यातलं जास्त पचतं.

शॉरमाबरोबर जे पांढरं मेयोनेज देतात त्यातही कच्चं अंडं असू शकतं. केरळने २०२३ मध्ये, तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तामिळनाडूने २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर बंदी घातली. बाटलीतलं कंपनीचं असेल तर सहसा पाश्चराइज्ड अंड्याचं किंवा एगलेस असतं. गाडीवर डब्यातून चमच्याने वाढतात, मे महिन्यात, दुपारपासून बाहेर असलेलं, ते मी खात नाही.

आणि एक गोंधळ आपल्याकडे फार आहे. साल्मोनेला म्हटलं की लोकांना टायफॉइड वाटतो. टायफॉइडचा साल्मोनेला टायफी वेगळा, तो फक्त माणसाकडून माणसाकडे, घाण पाण्यातून. कोंबडी-अंड्यावाला साल्मोनेला वेगळा. पण टायफॉइडसाठी करतात त्या विडाल टेस्टमध्ये ह्या दोघांचं काही बाबतीत साटंलोटं आहे, त्यामुळे अंड्याचा साल्मोनेला झालेल्याची विडाल पॉझिटिव्ह येऊ शकते आणि तो उगाच टायफॉइडचा कोर्स करत बसतो. ताप असेल तर अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी ब्लड कल्चर मागा, विडालवर विसंबू नका.

सगळंच खापर जनावरांवर फोडू नका हेही सांगतो. केरळात कासारगोडला २०२२ मध्ये शॉरमा खाऊन एका विद्यार्थिनीचा जीव गेला, तिथे शिगेला नावाचा जंतू सापडला होता, आणि शिगेला माणसाच्याच विष्ठेतून येतो. तिथे कोंबडीपेक्षा हात आणि पाणी बघायला लागतं.

गिरगावकर

बरं, पातेल्यात पाणी घेऊन धुवायचं हे घरी सांगितलं, उत्तर आलं "मी असंच धुते, तुम्ही कधी स्वयंपाकघरात बघितलंय का." 🙏 पाणीपुरीवाला निर्दोष सुटला असं समजतो.

पार्ल्याची_काकू

अवांतर होईल पण इथे सगळे जाणकार दिसतायत. आमचा दूधवाला जोगेश्वरीच्या तबेल्यातून कधीतरी म्हशीचा चीक आणून देतो, खरवसासाठी. चीक तर उकळता येत नाही, फाटतो. हे वाचून आता भीती वाटायला लागली. त्यातून काही होतं का?

गोरेगाव_व्हेट

काकू, व्हेटर्नरीला आहे, शेवटच्या वर्षाला. प्रश्न अवांतर अजिबात नाही. कच्च्या दुधात आणि चिकात कॅम्पायलोबॅक्टर, ई-कोलाय असू शकतोच, पण आम्हाला जास्त धाकधूक ब्रुसेलाची. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस ह्या लष्करी डॉक्टरने माल्टा बेटावर तो शोधला, तिकडे सैनिकांना शेळीच्या दुधातून व्हायचा हे नंतर कळलं. आपल्याकडे गाई-म्हशींत आहे. म्हैस शेवटच्या महिन्यांत गाभडली की आम्ही पहिला संशय ह्याचा घेतो. माणसाला झाला तर ताप येतो-जातो, रात्री घामाने चादर भिजते, कंबर आणि सांधे धरतात, मलेरिया झाला, टायफॉइड झाला, टीबी झाला करत महिने जातात. औषध निदान सहा आठवडे घ्यावं लागतं. सगळ्यात जास्त धोका तबेल्यातल्या माणसांना, वार उघड्या हाताने ओढून काढतात, हातमोजे दिले तर पकड येत नाही म्हणतात. वासराला, फक्त मादीला, चार ते आठ महिन्यांची असताना लस एकदाच टोचायची असते, तेवढं वय निघून गेलं की ती नेहमीची लस देत नाहीत.

आता खरवस. वाफेवर ठेवून मधोमध सुरी घातली आणि ती कोरडी निघाली इतका घट्ट झाला असेल तर खुशाल खा, तेवढ्या उष्णतेत हे जंतू टिकत नाहीत. दूध पाश्चराइज करताना ७२ डिग्रीला १५ सेकंद पुरतात, तुम्ही तर अर्धा तास वाफ देता. उथळ डबा घ्या, खोल डब्यात मध्यभाग कच्चा राहतो. अडचण खरवसाची नाही, त्याच्या आधीची. पिशवी फोडताना ओट्यावर सांडतं ते लगेच साबणाने पुसा, आणि गूळ पुरेसा झाला का बघायला कच्च्या चिकाचा चमचा तोंडात घालतात तो घालू नका.

पार्ल्याची_काकू

अगं बाई, तो चमचा तर नातवंडं मागून घेतात! मग गोडीचा अंदाज कसा घ्यायचा?

गोरेगाव_व्हेट

चिकात तुम्ही साधं दूध मिसळताच ना? त्या उकळून गार केलेल्या दुधात सगळा गूळ आधी विरघळवून चाखा, जरा जास्तच गोड लागला पाहिजे कारण चीक पडल्यावर उतरतो. मग चीक घाला, वेलची-जायफळ घाला आणि नातवंडांना म्हणावं थांबा.